रोजच्या रस्त्याला कोणती ९११?

पोर्शे ९११ घ्यायची म्हटली की माणूस आधी अश्वशक्तीचे आकडे वाचतो. २०१९ पासूनच्या ९९२ पिढीत साध्या कॅरेराला सुरुवातीला ३८५, कॅरेरा एसला ४५०, तर जीटी३ला ५१० अश्वशक्ती होती. आकड्यांवर गेलात तर जीटी३च जिंकणार. पण रोज चालवायला?

जीटी३चं चार लिटरचं इंजिन टर्बोविना चालतं आणि ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतं. त्याची खरी धमक वरच्या फेऱ्यांत आहे. तिथवर नेईतो गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी शंभरी ओलांडते, म्हणजे आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मर्यादा तिथेच संपली! कॅरेराचं तीन लिटरचं टर्बो इंजिन मात्र कमी फेऱ्यांतच जोर देतं. सिग्नल सुटल्यावर किंवा ट्रकला मागे टाकताना कामी येतो तो हाच जोर.

जीटी३ची स्प्रिंगं कडक, मागची आसनं गायब आणि केबिनमध्ये आवाज जास्त. टूरिंग प्रकारात मागचा मोठा पंख नसतो, पण सस्पेन्शन तेच. ट्रॅकवर हा कडकपणा वरदान आहे, खड्ड्यांवर पाठीला शिक्षा.

माझं मत साध्या कॅरेराच्या बाजूनं. एसचे जादा पैसे वाचवा आणि त्यातून पुढचा भाग वर उचलण्याची सोय घ्या. गतिरोधकावर नाक घासणार नाही. चाचणी घेताना मात्र गुळगुळीत रस्त्यावर नको, आपल्या रोजच्या वाटेनंच गाडी न्या.