वाऱ्यावर भजी तळता येतात का?



परवा आमच्या चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. विषय होता ‘आपले अन्न’. मी फळ्यावर चार घरं आखली होती : कच्चं, शिजवलेलं, भाजलेलं आणि तळलेलं. मुलं एकेक पदार्थ सांगत होती, मी लिहीत होते. ‘तळलेलं’ हे घर सगळ्यांत आधी भरलं हे सांगायला नकोच!

तेवढ्यात एक मुलगी उठली. “बाई, नांदेडला माझ्या मामाकडं एक मशीन आहे. त्यात तेलाशिवाय तळतात. नुसत्या हवेत!”

सगळा वर्ग हसला. पण मी हसले नाही. कारण आमच्या घरीही त्याच मशीनची चर्चा चालू होती. मी सांगितलं, “खरं आहे ते. त्याला एअर फ्रायर म्हणतात.”

मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो स्वतःहून कधी बोलत नाही. म्हणाला, “बाई, सगळ्यांनीच ती मशीन घेतली तर आमच्या गाड्यावर कोण येईल?”

त्याच्या वडिलांचा भज्यांचा गाडा आहे. त्या गाड्यावरच त्यांचं घर चालतं, त्याची वह्या-पुस्तकं येतात. वर्ग एकदम गप्प झाला. मलाही पटकन उत्तर सुचेना. मी म्हणाले, “थांब जरा. मी घरी करून पाहते आणि मग सांगते.”

ते करून पाहण्याचीच ही गोष्ट, बरं का!

मशीन कशाला हवं होतं?

माझ्या सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. शिरड शहापूरला आमच्या घरी संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवं, हा त्यांचा जुना नेम. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं, “तळलेलं कमी करा.” दादा दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा डब्यांची झाकणं वाजू लागली! म्हणून एअर फ्रायर घ्यायचं ठरलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “अगं, वाऱ्यावर कुठं तळण होतं का? काहीतरी सांगतात लोकं!”

गंमत अशी, की आत्याबाईंचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं.

आत असतं तरी काय?

एअर फ्रायर म्हणजे एक छोटी भट्टीच. वरच्या बाजूला विजेवर तापणारी तार, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. तार हवा तापवते, पंखा ती हवा पदार्थाभोवती गरगर फिरवतो. बस्स, एवढंच!

आता तुम्ही म्हणाल, पंखा कशाला? आपल्याकडची हळद आठवा. हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजवलेली हळद आपण उन्हात वाळत घालतो. ऊन तेवढंच असलं, तरी ज्या दिवशी वारा सुटतो त्या दिवशी ती लवकर वाळते. कारण वारा ओलसर हवा दूर नेतो आणि कोरडी हवा जवळ आणतो. एअर फ्रायरमध्ये हाच प्रकार, फक्त १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या वाऱ्यात! बटाट्याच्या फोडीवरचं पाणी भराभर उडून जातं, वरचा थर कोरडा होतो, मग लालसर होतो आणि कुरकुरीत लागतो.

म्हणजे हे तळणं नव्हेच. हे गरम वाऱ्यात भाजणं आहे. नावात ‘फ्रायर’ असलं म्हणून फसू नका.

ही युक्ती तशी जुनीच. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात जेवण गरम करायला पंख्याची भट्टी बनवली होती. घरात ओट्यावर मावेल असं आजचं एअर फ्रायर मात्र नेदरलँड्सच्या फ्रेड व्हान डेर वाय यांच्या कल्पनेतून आलं. फिलिप्स कंपनीनं ते २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढं मांडलं.

पहिल्याच दिवशी फजिती

मशीन घरी आलं. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. ओट्याजवळच्या छोट्या सॉकेटमध्ये आधीच मिक्सरची पिन होती. म्हणून मी एक लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड काढला, जोडणीसाठी दुसरी पिन मध्ये घातली आणि मशीन सुरू केलं. दहा मिनिटांत आत्याबाई म्हणाल्या, “काहीतरी करपतंय.” मी टोपली ओढून पाहिली. बटाटे तर अजून पांढरेच! माझी मुलगी ओरडली, “आई, बोर्डातून धूर येतोय!” मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पाहते तर बोर्डाचं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

चूक मशीनची नव्हती, माझी होती. शाळेत मी मुलांना गणितं घालते आणि घरी साधा गुणाकार केला नव्हता! तो गुणाकार आता तुम्हीच करा. आपल्या घरात वीज साधारण २३० व्होल्टनं येते. दिवा, मोबाईल लावतो ते छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० गुणिले ६ म्हणजे १,३८० वॅट. माझं मशीन होतं १,५०० वॅटचं! म्हणजे त्या सॉकेटला न पेलणारं ओझं. एक्स्टेंशन बोर्ड तर त्याहून हलका. अशा मशीनला मोठ्या भोकांचं १६ अँपिअरचं सॉकेटच लागतं. लोक त्याला ‘पॉवर प्लग’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून तसं सॉकेट नीट अर्थिंगसह बसवून घेतलं, मगच पुढचं काम.

आणि हो, घरातल्या लहान इन्व्हर्टरवर हे मशीन मुळीच लावू नका. लाईट गेली की संध्याकाळचा खाऊ जरा उशिरा.

भज्यांची परीक्षा

आता मुख्य प्रयोग. गाड्यावर कालवतात तसंच बेसनाचं पीठ कालवलं. कांदा, ओवा, तिखट, मीठ, चिमूटभर हळद. चमच्यानं भजी जाळीवर सोडली. १८० अंश, १५ मिनिटं.

टोपली उघडली आणि सगळ्यांना हसू फुटलं! पीठ जाळीतून गळून खाली पसरलं होतं. वर राहिले ते कांद्याला चिकटलेले कोरडे, टणक गोळे. दादांनी एक उचलून दाताखाली धरला आणि हळूच बशीत परत ठेवला.

असं का झालं? कढईत पीठ पडताच गरम तेल त्याला चारी बाजूंनी वेढतं. तेल हवेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर उष्णता देतं. त्यामुळं पिठाचं कवच क्षणात घट्ट होतं आणि आत वाफ कोंडून भजं फुगतं. हवेला मात्र तेवढी घाई जमत नाही. कवच धरायच्या आत पीठ गळून जातं. कुरडईचाही प्रयोग केला. ती तेलात फुलते तशी इथं फुलली नाही. पापडाचे तुकडे तर पंख्याच्या ओढीनं वर उडाले आणि तारेला लागून जळायला आले!

मग जमतं काय?

पुष्कळ काही. आमच्या घरी पास झालेल्या पदार्थांची ही यादी :

बटाट्याच्या काचऱ्या : लांब चिरून अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे वरचं पिष्ट धुऊन जातं. फडक्यानं अगदी कोरड्या करा. एक छोटा चमचा तेल आणि मीठ-हळद चोळा. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. मध्ये दोनदा टोपली हलवा.

कोथिंबीर वडी : नेहमीसारखी वाफवून, गार करून, वड्या पाडा. पीठ वाफेनं आधीच घट्ट झालेलं असतं, म्हणून गळत नाही. बोटानं तेल लावून १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. दादांची ही सर्वांत आवडती.

शेंगदाणे : १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं. मध्ये हलवायला विसरू नका.

भरताचं वांगं : तेलाचा हात लावून, चार ठिकाणी टोचून भाजा. चुलीवरच्या वांग्याचा धुराचा वास मात्र येत नाही, हे खरं सांगते.

कोणताही पदार्थ एकाच थरात पसरा. गर्दी केली तर वारा फिरणार कसा? आणि सोनेरी रंग आला की थांबा. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ खूप तापवले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. काळं पडेपर्यंत भाजलं तर ते वाढतं. कढई असो की एअर फ्रायर, हा नियम एकच.

आई-बाबांसाठी चार गोष्टी

दुकानात गेल्यावर सगळे आधी विचारतात, “किती लिटरचं?” मी म्हणते, आधी विचारा, “किती वॅटचं?” आणि घरी तसं सॉकेट आहे का ते पाहा. तीन-चार माणसांच्या घराला साधारण ४ लिटरची टोपली चालते. पण लिटरपेक्षा टोपलीचा तळ रुंद आहे का ते बघा, कारण पदार्थ पसरायचा असतो. आयएसआयची खूण तपासा. टोपली सुटी विकत मिळते का आणि दुरुस्ती हिंगोली, परभणी किंवा नांदेडला होते का, हेही विचारा. आजी-आजोबा वापरणार असतील तर फिरवायच्या बटणांचं साधं मशीन बरं.

मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, मागून कडक वाफ येते. टोपलीला लोखंडी उलथनं लावू नका, लेप खरवडतो. आणि मुलांनो, टोपली मोठ्या माणसांनीच ओढायची!

विजेचा हिशेबही सोपा आहे. १,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. म्हणजे १,५०० वॅटचं मशीन २० मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट. आपल्या बिलावरचा युनिटचा दर पाहा आणि खर्च काढा.

आता तेलाचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतल्या २,००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप आहे २७ ग्रॅम. म्हणजे जेमतेम सहा छोटे चमचे! त्यात भाजी, फोडणी, पोळीवरचं तूप सगळं आलं. तळणीत हे सहा चमचे केव्हा संपतात ते कळतही नाही.

पण म्हणून मशीन म्हणजे जादू नव्हे. सुरुवातीला दादा म्हणायचे, “आता काय, तेल नाही, कितीही खा!” एका संध्याकाळी त्यांनी टोपलीभर खारे बटाटे एकट्यानं संपवले. पुढच्या तपासणीत रक्तदाब वाढलेलाच. डॉक्टर हसून म्हणाले, “मशीननं तेल कमी केलं. मीठ कोण कमी करणार?” तेव्हापासून आत्याबाई एक छोटी वाटी मोजून देतात.

गाड्याचं उत्तर

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. वितळलेला बोर्डही नेऊन दाखवला. भजी कशी गळाली ते ऐकून वर्गात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा.

मी त्याला म्हणाले, “तुझ्या पप्पांची भजी या मशीनला येत नाहीत. ती कला कढईचीच. पण एक निरोप सांग. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते खराब होतं. किती खराब झालेलं तेल वापरायचं नाही, याचा सरकारी नियम २०१८ पासून लागू आहे. तेल काळपट झालं, फेस यायला लागला की टाकून द्यायचं.”

तो लगेच म्हणाला, “बाई, आमचे पप्पा रोज नवीन तेल घेतात. डबा मीच आणतो दुकानातून!”

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे गाड्यावर गेलो. कढईतलं तेल खरोखरच स्वच्छ, पिवळंधमक होतं. कागदावर गरम भजी आली. दादांनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंनी दोन बोटं वर केली.

दादांनी दोनच भजी घेतली, आणि ती अगदी सावकाश खाल्ली.