थांबलेला डबा, चालती आठवण

संध्याकाळी डेक्कन क्वीन घाट चढून लोणावळ्याला थांबली, की आम्ही पोरं धावत तिच्या जेवणाच्या डब्यासमोर जाऊन उभे राहायचो. आत दिवे, मांडलेली टेबलं, टोस्टचा आणि कटलेटचा वास. अब्बा रेल्वेत गँगमन होते. पावसाळ्यात रात्री कंदील, झेंडी आणि फटाके घेऊन घाटात गस्त घालायचे. रुळांवर दरड आली, तर गाडी अलीकडेच थांबवायची. तो डबा सुखरूप वर येई त्यात त्यांचाही वाटा होता. आत बसून चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. २०२२ मध्ये तिला नवे डबे मिळाले, तेव्हाही जेवणाचा डबा राखला गेला. पण आज सांगायचंय ते धावत्या नव्हे, थांबलेल्या डब्याविषयी. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, १८ नंबरच्या फलाटाजवळ, जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झालं. पुढे नागपूरलाही तसंच झालं.

हे होतं कसं? जुन्या पद्धतीच्या डब्याचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. एरवी तो भंगारात जायचा. त्याऐवजी रुळाचा एक तुकडा टाकून त्यावर तो उभा करतात. बाकं काढून टेबलं लावतात, वीज-पाण्याची सोय करतात. जागा रेल्वेची, धंदा ठेकेदाराचा. त्याबदल्यात रेल्वेला ठरावीक रक्कम मिळते. तिकिटाची गरज नाही. कुणीही यावं, बसावं.

मला हे आवडतं. जुनी वस्तू काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा तिथे माणसं जेवलेली बरी. पण भिंतीवर नुसती इंजिनांची चित्रं लावून भागणार नाही. आमचा बोरघाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला. २५ बोगदे, ३७ फुटांमागे एक फूट असा चढ. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. पटकी, ताप, सुरुंग यांनी हजारो गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा ठेका त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, पुढे नेला. या दोघांची नावं राहिली. मजुरांची कुठे आहेत?

मागे अब्बांना मुंबईच्या त्या डब्यात घेऊन गेलो. आत शिरण्याआधी ते काठी टेकवत वाकले आणि चाकं पाहू लागले.

"अब्बा, गाडी आता कुठे जात नाही," मी म्हणालो.

"असू दे रे. बघायची सवय आहे."

मग आत येऊन खिडकीशी बसले आणि चहा सावकाश, दोन्ही हातांत कप धरून प्याले. मी बिल मागवलं, तर म्हणाले, "थांब. आज मी देतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)