खांदेरी हातची गेली असती तर?

तुडीलहून महाडला कॉलेजला येताना एसटीत आमच्या ग्रुपचा एक ठरलेला टाइमपास असतो, 'जर-तर'. २०१९च्या सेमीफायनलला धोनी रनआउट झाला नसता तर? वगैरे. परवा एकाने विचारलं, "महाराजांच्या हातून खांदेरी गेली असती तर?" सगळे गप्प! रायगड आमच्याच तालुक्यातला, तो पाठ. खांदेरी म्हटलं की निम्म्यांना फक्त नौदलाची पाणबुडी आठवली. खरं तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले, त्यात रायगडाबरोबर खांदेरीही आहे.

आधी नकाशा बघा. अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात दोन छोटी बेटं, खांदेरी आणि उंदेरी. उत्तरेला इंग्रजांची मुंबई, दक्षिणेला सिद्दीचा जंजिरा. मधल्या या बेटावरून दोघांवर नजर ठेवता येते.

१६७९ मध्ये महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीला हात घातला. इंग्रजांनी लगेच जहाजं आणून नाकेबंदी केली. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं. मराठ्यांनी त्यांचं एक जहाज पकडलं, पण 'रिव्हेंज' नावाच्या मोठ्या जहाजापुढे आरमाराला मागे फिरावं लागलं.

मग बेट टिकलं कसं? रात्रीच्या फेऱ्यांमुळे! मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यातून जाणाऱ्या, वारा पडला तरी वल्ह्यांवर पळणाऱ्या. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर. अंधारात होड्या रसद पोचवायच्या आणि परत यायच्या. इकडे कंपनीचा खर्च वाढत चालला. शेवटी १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने मात्र उंदेरी बळकावली.

आता आमचं जर-तर. समजा, त्या होड्या अडल्या असत्या तर? उपाशी शिबंदी किती दिवस लढणार? बेट इंग्रजांकडे नाहीतर सिद्दीकडे गेलं असतं. पुढे कान्होजी आंग्रेंना मुंबईच्या तोंडावरचं हे ठाणं मिळालंच नसतं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला आणि हात हलवत परतला, तोही प्रसंग घडला नसता. १८१८ साली मराठी सत्ता गेली, ते कदाचित टळलं नसतं. पण त्याआधीची कितीतरी वर्षं मुंबईकर इंग्रज निवांत झोपले असते, एवढं नक्की.

एसटी महाड स्टँडला लागली तरी आमचा वाद चालूच होता. मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं आता आम्हाला पाठ झालीत. पण काळोखात वल्हं मारत धान्य पोचवणारे ते कोण होते? त्यांची नावं आम्हाला कुठे सापडली नाहीत. तुमच्या ग्रुपमध्ये हा खेळ रंगला, तर सुरुवात त्यांच्यापासून करा.