बार भरण्यापूर्वीं दारूचें माप

देवळालीच्या मैदानावर तोफांचा सराव चालू असला कीं त्याचा घुमणारा आवाज आसपासच्या गांवांपर्यंत येतो. नाशिककरांना त्याची सवय आहे. पण प्रत्येक बाराच्या आधीं कोणी तरी दारू मोजलेली असते, आणि मोजलेली पुन्हां पाहिलेली असते, हें सहसा आपल्या मनांत येत नाहीं. त्या दुसऱ्या पाहण्याविषयींच आज बोलावयाचें आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. एके काळीं जुन्या घरांतून शिकारीच्या बंदुका असत आणि हौशी मंडळी पितळी काडतुसें घरींच पुन्हां भरीत. ते दिवस गेले. 1959 च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करतां येत नाहीं, आणि 1972 च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें शिकारीचा छंदही संपविला. तेव्हां ज्याच्यापाशीं रीतसर परवानगी नाहीं, त्यानें या वाटेस जाऊंच नये. ज्याच्यापाशीं ती आहे, त्यानें पुढील गोष्टी मनांत बाळगाव्या.

सोरा, कोळसा आणि गंधक यांची जुनी काळी दारू मापट्यानें मोजण्याची रीत होती. 1884 सालीं व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें धूररहित दारू सिद्ध केली. ही वजनास थोडी, पण जोरास फार. काळ्या दारूचें मापटें हिच्यानें भरलें तर नळी फुटते आणि बार उडविणाराचा हात किंवा डोळा जातो. म्हणून पहिला नियम असा कीं मेजावर एका वेळीं एकच दारू असावी, आणि तीही आपल्या मूळच्या डब्यांत. डब्यावरची चिठ्ठी निघाली असेल तर रंगावरून ओळखण्याचा प्रयत्न करूं नये.

आतां तराजूकडे वळूं. सराफ बाजारांतील सोनाराचा कांटा आपण पाहिला असेल. तो कांचेच्या पेटींत असतो, कारण वाऱ्याची झुळूकही पारडें हलविते. जुना तोळा 180 ग्रेनांचा. त्याचे 12 मासे, आणि माशाच्या 8 गुंजा. म्हणजे एक गुंज दोन ग्रेनांहूनही थोडी कमी. पिस्तुलाच्या काडतुसांत धूररहित दारू पुष्कळदां चार-पांच ग्रेनच असते, म्हणजे अवघ्या दोन-अडीच गुंजा! सोन्यांत एका गुंजेची चूक झाली तर चार पैशांचें नुकसान. येथें ती जवळजवळ निम्म्या बाराची चूक ठरते.

यासाठीं कांटा सपाट, न हलणाऱ्या जागीं ठेवावा, पंखा बंद करावा, रिकाम्या पारड्यानें शून्य पाहावें, आणि ज्याचें वजन निश्चित ठाऊक आहे असें प्रमाण-वजन आरंभीं, मधून मधून आणि शेवटीं ठेवून पाहावें. शेवटच्या तपासणींत फरक आढळला तर मागील ठीक तपासणीनंतर भरलेलीं सर्व काडतुसें बाद समजावीं. विजेवर चालणाऱ्या कांट्यासही हाच नियम.

वजन बरोबर असूनही दोन चुका उरतात. एका पुंगळींत दारू दोनदां पडते, किंवा मुळींच पडत नाहीं. पहिलीनें बंदूक फुटते. दुसरी वरवर निरुपद्रवी दिसते; पण नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. उपाय साधा आहे. पुंगळ्या फळीच्या भोंकांत ओळीनें उभ्या कराव्या आणि गोळी बसविण्यापूर्वीं चांगल्या उजेडांत प्रत्येकींत डोकावून दारूची पातळी सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. मध्यें कोणी हांक मारली, तर हातांतली पुंगळी रिकामी करून पुन्हां आरंभ करावा. ‘बहुधा भरली असेल’ या शब्दांस येथें स्थान नाहीं.

तोफखान्यानें हेंच तत्त्व रंगांत बांधलें. तोफखान्याचें विद्यालय देवळालीस आहे. आपल्या सैन्यांत पुष्कळ वर्षें वापरलेल्या 25 पौंडी तोफेच्या काडतुसांत दारूच्या तीन पिशव्या असत: तांबडी, पांढरी आणि निळी. पल्ला कमी हवा असला कीं निळी काढावयाची, आणखी कमी हवा तर पांढरीही. काय उरलें हें रात्रीच्या धांवपळींतही नजरेनें पडताळतां यावें, ही त्यांतली योजना.

शेवटीं एक घरगुती सूचना. माळा किंवा जुनें कपाट आवरतांना वडिलांच्या वा आजोबांच्या हातचीं भरलेलीं काडतुसें सांपडलीं, तर त्यांत कोणती दारू आणि किती, हें सांगणारें आतां कोणी नसतें. तीं उडवूं नयेत, उघडूं नयेत, चुलींत किंवा केरांत टाकूं नयेत. मुलांना दूर ठेवून जवळच्या पोलिस ठाण्यास कळवावें. माप ज्यानें घेतलें त्याची साक्ष नसेल, तर तें माप नाहींच असें समजणें शहाणपणाचें.