घराला रंग देण्यापूर्वी

दसरा-दिवाळी जवळ आली, की घरोघर रंगाची बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो, आकाशी द्यावा. कोणी म्हणतो, पिस्ता बरा दिसेल. रंग कोणता द्यावा याचा विचार सगळेच करतात. पण ज्या भिंतीवर रंग द्यायचा, त्या भिंतीचा विचार फार थोडे लोक करतात. आम्हीही केला नव्हता. त्याची शिक्षा आम्हांला झाली, आणि आमच्याहून जास्त एका गरीब रंगाऱ्याला झाली. ती हकीकत आधी सांगतो.

२०१६ साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो. त्या दिवाळीला मुलगी आणि जावई यायचे होते. म्हणून घराला डिस्टेंपर लावायचे ठरले. रंगारी बोलावला. आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. कागद केल्याशिवाय काम कसे द्यावे? 'भिंतींना दोन हात रंग' असे आम्ही कागदावर लिहिले आणि पुढे केले. रंगाऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने अंगठा उठवला.

मागच्या भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, ही भिंत अजून ओली आहे. दीडदोन महिने थांबा."

आम्ही म्हणालो, "मिस्त्री, दिवाळी थांबते का?"

काम झाले. हिशेबाला बसलो तेव्हा आम्ही म्हणालो, रंगाचा एकच हात दिला आहे. तो म्हणाला, "अस्तराचा एक हात, रंगाचा एक हात. झाले की दोन हात!" आम्ही कागद दाखवला आणि काही पैसे अडकवून ठेवले. संक्रांतीच्या सुमारास मागच्या भिंतीवर फोड आले आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. तेव्हा तर आम्ही सगळा दोष त्यालाच दिला.

उन्हाळ्यात गवंडी आला. त्याने वर चढून पाहिले. पत्र्याची पन्हळ फुटली होती, आणि पावसाचे पाणी दर वर्षी त्याच भिंतीत मुरत होते. रंगाऱ्याचेच म्हणणे खरे होते. आम्ही त्याच्या घरी गेलो, राहिलेले पैसे दिले आणि चूक कबूल केली. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, कागदात काय लिहिलंय ते तेव्हाच वाचून दाखवलं असतं, तर मी तेव्हाच बोललो असतो."

ते बोलणे आमच्या मनाला लागले. तेव्हापासून रंगाचे काम नीट समजून घेतले. ते तुम्हांला सांगतो.

आधी भिंत पाहा

पाऊस संपला म्हणजे भिंत वाळली असे नाही. जाड भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात. ओल पाहायची एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्यावा. तो भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. एक दिवसाने पाहावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंतीत ओल आहे.

भिंतीवर पांढरी भुकटी फुटते, तिला आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. त्यावर रंग लावला तरी लोणा रंगाला ढकलून बाहेर येतो. म्हणून पाणी कुठून येते ते आधी शोधावे. कौले, पन्हळ, नळ, मोरी, सगळे तपासावे. गळती बंद करावी, भिंत वाळू द्यावी, मगच रंगाचे नाव काढावे. दिवाळीला काही तरी लावायचेच असेल, तर चुना लावावा. तेलाच्या रंगाने भिंत मेणकापडासारखी झाकली जाते. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते.

कशाला काय लावावे

चुना सगळ्यांत स्वस्त. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवावा. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. पाणी उकळून अंगावर उडते. मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यांत चुना गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे तरी डोळा धूत राहावे आणि दवाखाना गाठावा. चुना रात्रभर भिजला, की फडक्याने गाळावा. त्यात थोडा डिंक किंवा सरस घालावा, म्हणजे कपड्यांना लागत नाही. एक जाड हात देण्यापेक्षा पातळ तीन हात द्यावेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना भिंतीवर दगडासारखा घट्ट होतो.

डिस्टेंपर दिसायला मऊ आणि खर्चाला बेताचा. साधा सुका डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघतो. तेलमिश्रित डिस्टेंपर हलक्या हाताने पुसता येतो. प्लास्टिक रंग पाण्यातच कालवतात, पण वाळल्यावर तो धुता येतो. तो महाग असतो. जुन्या चुन्याचा भुगा सुटत असेल, तर यांपैकी काहीच टिकत नाही. तो चुना आधी खरवडून काढलाच पाहिजे.

लाकूड आणि लोखंड यांना तेलाचा रंग लावतात. लोखंडाचा गंज घासून काढावा आणि गंज रोखणारे अस्तर द्यावे. लाकडाला काचकागद रेषांच्या दिशेने मारावा, भेगांत लांबी भरावी, मग रंग द्यावा. लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असतील, तर पॉलिश करावे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने घासतात. कपाट, खुर्ची यांना हे पॉलिश शोभते. पण पाणी पडले की त्यावर पांढरे डाग येतात. म्हणून बाहेरच्या दाराला ते करू नये. तिथे बाहेरच्या कामाचे वार्निश किंवा तेलाचा रंग बरा.

नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर तेलाचा रंग घाईने देऊ नये. सिमेंटमधल्या क्षारामुळे रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो.

शिशापासून जपा

जुन्या तेलाच्या रंगांत पुष्कळदा शिसे असे. लोखंडाला शेंदूर लावायची चाल होती. हा शेंदूरही शिशाचाच. शिसे पोटात गेले, तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. ती भरून येत नाही. सरकारने २०१६ साली नियम केला. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसे छापलेले असते. ते वाचून मगच डबा घ्यावा. बिनछापाचा सुटा रंग घेऊ नये.

जुना रंग कोरडा घासू नये आणि जाळूही नये. पाणी मारून खरवडावा. मुले आणि गरोदर बाई यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. घासणाऱ्याने तोंडाला धूळ रोखणारी पट्टी बांधावी आणि जेवण्यापूर्वी हात-तोंड धुवावे. खाली पडलेले पापुद्रे ओल्या फडक्याने गोळा करावेत.

माप आणि कागद

रंगकाम चौरस फुटांवर किंवा ब्रासवर ठरते. शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. समजा, खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि ९ फूट उंच आहे. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. ४४ गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. त्यांतून दाराचे २१ आणि खिडकीचे १२ वजा करा. राहिले ३६३. वरच्या छताचे १२० मिळवा. एकूण ४८३, म्हणजे पाच ब्रासला थोडे कमी. एका डब्यात किती चौरस फूट होते, ते डब्यावर पाहा. म्हणजे किती डबे लागतील ते घरीच कळेल.

काम रोजंदारीने द्यायचे की उक्ते, माल कोणी आणायचा, हे आधी ठरवा. दोनतीन रंगाऱ्यांना विचारा. त्यांनी दोन वर्षांपूर्वी केलेले एखादे काम जाऊन पाहा. ताजा रंग सगळ्यांचाच चांगला दिसतो. मग साध्या शब्दांत असा कागद करा :

खरवडणे आणि लांबी भरणे : रंगाऱ्याकडे.
अस्तर : एक हात.
अस्तरावर रंग : दोन हात.
माल : घरमालकाकडून.
पैसे : खरवडून झाल्यावर एक भाग, अस्तर झाल्यावर दुसरा, काम पाहून तिसरा.
शिडी आणि परांची मजबूत हवी. ती कोण आणणार तेही लिहावे.

या कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक तुमच्याकडे, एक रंगाऱ्याकडे. सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचावा. 'हात' म्हणजे काय, 'अस्तर' धरले की नाही, हे विचारून घ्यावे. रंगाऱ्याने भिंतीबद्दल काही सांगितले, तर ऐकावे. भिंती पाहण्यात त्याचा जन्म गेलेला असतो.

रंगारी तुम्ही असाल, तर न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. आता तुम्हांला वाचता येते. आणि घरमालक असाल, तर समोरच्याला वाचता येते की नाही, हे आधी विचारा. आम्ही तेवढेच विचारले असते, तर त्या मिस्त्रीची दिवाळी गोड झाली असती.