डब्यातलं फॅट कुठून येतं?

वडगाव निंबाळकर-सोमेश्वरनगर हा नीरा डाव्या कालव्याखालचा पट्टा. ऊस कारखान्याला, दूध डेअरीला. संकलन केंद्रावर मशीन फॅट-एसएनएफ दाखवतं, पॉइंट कमी भरला की दर खाली येतो. त्याच घरात अंगावरचं दूध पुरेना म्हणून पावडरचा डबा आला, तर त्यातल्या फॅटची चौकशी कुणी करत नाही. पुष्कळ डब्यांत ते गाईचं कमी आणि पाम, सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांचं जास्त असतं.

गोम या तेलांच्या शुद्धीकरणात आहे. वास काढण्यासाठी निर्वात टाकीत तेलातून वाफ सोडतात, तापमान २०० अंशांच्या वर जातं. त्या उष्णतेत दोन नकोशी द्रव्यं तयार होतात : ३-एमसीपीडीची एस्टरं आणि ग्लायसिडिल एस्टरं. पामतेलात ती सर्वाधिक. पचनात एस्टरं फुटली की मूळ द्रव्य मोकळं होतं : पहिल्यातून ३-एमसीपीडी, दुसऱ्यातून ग्लायसिडॉल. उंदरांवरच्या प्रयोगांत ३-एमसीपीडीनं मूत्रपिंडांना इजा झाली. ग्लायसिडॉल जनुकांनाच धक्का लावतं आणि माणसात कर्करोगकारक असण्याचा दाट संभव मानला जातो. २००७ मध्ये जर्मनीत बाळांच्या पावडरीत ३-एमसीपीडीची एस्टरं सापडली आणि हा विषय ऐरणीवर आला.

बाळाच्या पोटात किती जातं, हे मांडून पाहता येतं. पाच किलोचं बाळ दिवसाला सुमारे ७५० मिली दूध पितं. त्याला अंदाजे १०० ग्रॅम पावडर लागते. युरोपीय संघानं २०२० मध्ये पावडरीसाठी ३-एमसीपीडीची मर्यादा किलोला १२५ मायक्रोग्रॅम ठरवली, पुढे ती आणखी खाली आणली. १२५ धरले तर बाळाच्या पोटात रोज साडेबारा, म्हणजे वजनाच्या किलोमागे अडीच मायक्रोग्रॅम जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये सुसह्य मानलेली मात्रा दोन. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची, २०१६ ची, चार. एकाच डब्याला एक माप नापास करतं, दुसरं पास.

ग्लायसिडॉलला अशी सुरक्षित पायरीच नाही. तिथे प्राण्यांत गाठी आणणारी मात्रा बाळाच्या मात्रेच्या किती पट आहे ते पाहतात. २५,००० पट असावी ही अपेक्षा. पावडरीतली युरोपीय मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम. आपल्या बाळाला ती किलोमागे एक मायक्रोग्रॅम देते आणि अंतर जेमतेम १०,००० पटीचं उरतं. मोठ्यांचं ताट रोज बदलतं. या बाळाचं सहा महिने तेच एक अन्न.

म्हणून आईनं घाबरून डबा फेकायचा, पावडर पातळ करायची किंवा गोठ्यातलं दूध पाजायचं, असं नाही. पातळ पावडरीनं बाळ खंगतं, आणि गाईच्या दुधातली प्रथिनं-क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत. आकडे घातक विषाचे नाहीत, सुरक्षेचं अंतर कमी पडल्याचे आहेत.

ते वाढवण्याचे उपाय कारखान्यात आहेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या २०१९ च्या आचारसंहितेत पामची फळं तोडल्यावर लवकर गाळणं, कच्चं तेल धुणं, तापमान उतरवणं हे सगळं आहे. आपल्याकडच्या १९९२ च्या कायद्यानं डब्याच्या जाहिरातीला लगाम घातला आणि आईचं दूध सर्वोत्तम हे डब्यावर छापायला लावलं. आता तेलाच्या प्रत्येक खेपेची तपासणी आणि तिचे आकडे लोकांसमोर मांडणं, ही जबाबदारी उत्पादकाची आणि अन्न प्राधिकरणाची. चमचा मोजणाऱ्या आईवर ती टाकता येणार नाही.