मुरायला किती वर्षं लागतात?

आमच्या घरी लोणच्याची बरणी उघडायचा हक्क फक्त आजीचा. ती झाकणाचं फडकं सोडते, नाक जवळ नेते आणि एवढंच म्हणते, "नाई मुरलं अजून." मग बरणी पुन्हा फडताळात. लोणचं मुरलंय हे तिला कसं कळतं, ते मला आजवर समजलेलं नाही.

म्हणून या सत्रात रसायनशास्त्राच्या सेमिनारसाठी 'माल्ट व्हिस्की आणि लाकडी पिंप' असा विषय चिठ्ठीतून माझ्या वाट्याला आला, तेव्हा मला आधी ती बरणी आठवली. दुसरी आठवण तितकी चांगली नव्हती. मी लोधीखेड्याची. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या अलीकडचं आमचं गाव, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. आमच्या आजोबांनी मोहाच्या दारूपायी संत्र्याच्या बागेचा एक तुकडा विकला. त्यामुळे घरात 'दारू' हा शब्दसुद्धा कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. मी विषय सांगितला तेव्हा आजी म्हणाली, "शिक बाई, पण एक सांगतो. तिले सोन्याच्या गिलासात टाकली तरी ते दारूच."

मी कधी चव घेतलेली नाही, घ्यायची इच्छाही नाही. पण अभ्यास करताना जे सापडलं ते दारूपेक्षा काळाबद्दल जास्त होतं, म्हणून मंडळाच्या अंकासाठी लिहीत आहे.

आधी नाव समजून घेऊ. 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपल्याकडे जिला सातू किंवा जव म्हणतात. आपण मटकीला मोड आणतो तसंच. मोड येताना दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारी विकरं तयार होतात. मग दाणे वाळवून, भरडून गरम पाण्यात घालतात, गोड पाणी काढतात, त्यात यीस्ट घालून आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यातून ऊर्ध्वपातन करतात. तांबं इथं शोभेसाठी नसतं. गंधकाची उग्र वासाची संयुगं ते धरून ठेवतं. 'सिंगल' म्हणजे हे सगळं एकाच डिस्टिलरीत झालेलं. एकाच पिंपातली असा त्याचा अर्थ नाही, ही चूक बरेच जण करतात.

दाणे वाळवताना खाली पीट जाळलं तर धुराचा वास दाण्यात बसतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या काही व्हिस्कींना म्हणूनच धुराचा, समुद्राचा आणि चक्क दवाखान्यातल्या औषधाचा वास येतो असं पिणारे सांगतात. तो वास फिनॉल गटातल्या संयुगांचा. चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरताला जो वास येतो, तो याच घराण्यातला.

भट्टीतून निघालेलं द्रव मात्र पाण्यासारखं नितळ असतं. व्हिस्कीचा तो मधाळ रंग आणि चवीचा मोठा भाग नंतर येतो, पिंपातून. काही ठिकाणी रंग सारखा दिसावा म्हणून थोडं कॅरॅमल घालतात, ते वेगळं.

पिंप तीन कामं करतं. पहिलं, ते देतं. पिंप बनवताना लाकूड आतून शेकतात किंवा जाळतात. उष्णतेनं लाकडातलं लिग्निन तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन मिळतं, म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचाच वास. हेमिसेल्युलोजपासून जळक्या साखरेची, टॉफीसारखी चव येते. ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो आणि टॅनिनमुळे तुरटपणा, जसा उकळून काळ्या झालेल्या चहात. दुसरं, पिंप घेतं. आतला कोळशाचा थर कच्च्या दारूतले नकोसे वास शोषून घेतो. तिसरं, पिंप श्वास घेतं. लाकडातून थोडी हवा आत येते, ऑक्सिजनची क्रिया होते, आम्ल आणि अल्कोहोल मिळून फळांच्या वासाची एस्टर तयार होतात. घेणं-देणं चार महिन्यांतही बरंच होतं. हे तिसरं काम मात्र सावकाश चालतं.

मग ओकच का? आमच्या सातपुड्यात उत्तम साग आहे, त्याचं पिंप का नाही? कायद्याचं उत्तर सोपं आहे. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार पिंप ओकचंच लागतं, ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही आणि किमान ३ वर्षं त्यात ठेवावंच लागतं. पण त्यामागे विज्ञानही आहे. पांढऱ्या ओकच्या नळ्यांमध्ये एक प्रकारची नैसर्गिक बुचं तयार होतात, त्यामुळे हे लाकूड गळत नाही, तरी हवा सोडतं. सागात स्वतःचं तेल असतं. दाराला आणि पलंगाला ते वरदान, पण तेच तेल दारूत उतरलं तर त्याचीच चव राहील.

गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये बहुतेक पिंपं जुनी, वापरलेली असतात. अमेरिकेत बर्बनसाठी नवंच जाळलेलं ओक वापरावं लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं त्यांना पुन्हा बर्बनसाठी चालत नाहीत. ती स्कॉटलंडला जातात. स्पेनच्या शेरी वाइनची पिंपंही येतात. बर्बनच्या पिंपातून व्हॅनिला, मध, खोबरं अशा चवी येतात, शेरीच्या पिंपातून मनुका, अंजीर, लवंग. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात घालू नये ही शुभवर्तमानातली उपमा आपल्या कॉलेजच्या प्रार्थनेत सगळ्यांनी ऐकली असेल. तिथं रस अजून फसफसत असतो, म्हणून जुनं कातडं फाटतं. इथं आंबणं आधीच संपलेलं असतं, त्यामुळे नवी दारू जुन्या पिंपात सुखानं राहते.

आता सगळ्यात आवडलेला भाग. पिंप श्वास घेतं म्हणजे सोडतंही. दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते. स्कॉटलंडमधले लोक तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तिथल्या थंड, ओलसर गोदामात हा वाटा वर्षाला सुमारे २ टक्के असतो. गोव्यात कुंकळ्ळीला 'पॉल जॉन' सिंगल माल्ट तयार होते, तिथं सुमारे ८ टक्के. बंगळूरच्या 'अमृत'मध्ये १० टक्के किंवा त्याहून जास्त. अमृत ही डिस्टिलरी १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केली, आडनाव वाचून तुम्हीही थबकला असाल. भारतात सिंगल माल्टला कोण विचारणार, म्हणून त्यांनी २००४ मध्ये ती आधी थेट स्कॉटलंडात, ग्लासगोला विकायला काढली. नागपूरची संत्रा बर्फी पहिल्यांदा विकायला परदेशातल्या हलवायांच्या गल्लीत जावं, असं ते धाडस. आपल्या एका महागड्या बाटलीला त्यांनी 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असंच नाव दिलं.

मी वहीत हिशेब मांडला. २०० लिटरचं पिंप घ्या. वर्षाला २ टक्के गेले तर १२ वर्षांनी सुमारे १५७ लिटर उरतात. ८ टक्के गेले तर ७४. १० टक्के गेले तर जेमतेम ५६. चक्रवाढ व्याजाचंच सूत्र, फक्त उलट दिशेनं. शाळेत हे गणित मला कधी इतकं पटलं नव्हतं.

पण उष्णता नुसतं नेत नाही. गरमीनं द्रव प्रसरण पावून लाकडात खोल शिरतं, थंडीत आकुंचन पावून बाहेर येतं आणि रासायनिक क्रियाही वेगानं होतात. त्यामुळे गोव्यात किंवा बंगळूरला चार-पाच वर्षांत जो रंग आणि जी चव येते, तिला स्कॉटलंडात कितीतरी जास्त वर्षं लागतात. फार काळ ठेवली तर मात्र चवीत लाकूडच लाकूड. म्हणूनच भारतीय माल्टच्या बहुतेक बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो. १२ म्हणजे ५ पेक्षा चांगली, हे समीकरण थंड देशातलं आहे. आमच्या लोधीखेड्यात मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, हवा कोरडी ठणठणीत. तिथं पिंप ठेवलं तर देवदूत काय करतील, विचार करा. कोरड्या हवेत पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त उडतं, म्हणजे उरलेली दारू उलट कडक होत जाईल.

इथवर सेमिनार झाला असता. पण एक प्रश्न सुटत नव्हता. मोहाचं फूल आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पहाटे वेचतात. वाळवतात, भिजवतात, आंबवतात, मडक्यावर मडकं ठेवून दारू काढतात. तत्त्व तेच, आंबवणं आणि ऊर्ध्वपातन. मग मोहाची दारू कोणी मुरवली का नाही?

उत्तर कायद्याच्या इतिहासात मिळालं. स्कॉटलंडच्या डोंगरांतही एके काळी चोरून भट्ट्या लागत. १८२३ च्या कायद्यानं १० पौंडात परवाना मिळू लागला आणि ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथसारख्यांनी १८२४ मध्ये तो घेतला. आता माल लपवायचा नव्हता, गोदामात उघडपणे ठेवता येत होता. आपल्याकडे उलट झालं. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्यांवर टाच आली. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानं तर ठाणे-कुलाबा भागात दारूच काय, फुलं बाळगण्यावरही बंधनं आली. ज्या माणसाला आज रात्री धाड पडेल अशी भीती आहे तो १२ वर्षांचं पिंप कशाला भरेल? तो आज काढणार आणि उद्या संपवणार. मुरायला लाकूड लागतं, हवा लागते, पण त्याआधी डोक्यावर छप्पर आणि हातात परवाना लागतो. एक 'रुचकर' आणि दुसरी 'हातभट्टी', हा फरक सगळाच चवीचा नाही.

हे आता थोडं बदलतंय. मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूला 'हेरिटेज मदिरा' म्हणून मान्यता दिली आणि अलीराजपूर, डिंडोरीकडच्या आदिवासी बचत गटांनी ती रीतसर बाटलीत भरली. पालघर जिल्ह्यात डहाणूला साउथ सीज नावाची डिस्टिलरी आहे, तिथं सिंगल माल्टही होते आणि मोहाची दारूही.

पण मी आजीची नात आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगते. स्कॉचला किमान ३ वर्षं मुरवायचा नियम आला कुठून? चवीच्या शौकिनांकडून नाही. पहिल्या महायुद्धात कामगार दारूत बुडताहेत म्हणून ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज दारूबंदीच्या मागे लागले होते. तडजोड म्हणून १९१५ मध्ये कायदा झाला की कच्ची दारू विकायची नाही, आधी २ वर्षं आणि लवकरच ३ वर्षं ती पिंपात ठेवायची. आज ज्या नियमाचा अभिमान बाटलीवर मिरवतात, तो दारूच्या धास्तीतून जन्मला.

दिवाळीला गावी गेले तेव्हा हे सगळं आजीला सांगितलं. देवदूतांच्या वाट्यावर ती हसली. "आपल्या घरी तं देवदूतच सगळं पिऊन गेले," म्हणाली. मग लोणच्याची बरणी पुसता पुसता विचारलं, "अन् बारा वर्स पिपात राहून तिची नशा कमी होते काय?"

मी खरं ते सांगितलं. स्कॉचची बाटली भरताना पाणी घालून ताकद कमी करतात, पण ४० टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. त्यातलं इथेनॉल मोहाच्या दारूतलंच. यकृताला बाटलीवरचा आकडा वाचता येत नाही.

"मंग मुरलं काय?"

"चव मुरली, आजी. नशा तशीच."

तिनं मान हलवली, फडकं सोडलं, वास घेतला आणि या वेळी बरणी माझ्या हातात दिली.